झोत मोजतो, उसंत मोजत नाही : खिशातल्या विंड मीटरचा दोन वर्षांचा अनुभव

उघड्या डोंगरधारांवर, झाडोऱ्याचा मागमूस नसलेल्या पठारांवर आणि समुद्रकाठच्या निर्मनुष्य खडकांवर वारा भणाणत असताना चालण्याची मला फार वर्षांपासून ओढ आहे. वादळी हवेत माणसे घराकडे वळतात तेव्हा माझे पाय बाहेर पडायला शिवशिवतात, आणि या ओढीतला धोका मला ठाऊक असल्यामुळेच दोन वर्षांपूर्वी मी हातात मावणारा एक वायुवेगमापक घेतला. दुकानदार आणि भटके दोघेही त्याला विंड मीटरच म्हणतात, म्हणून मीही पुढे तोच शब्द वापरते. अशा घडणीचे मीटर अनेक कंपन्या बनवतात आणि त्यांचे गुणदोष बहुतांशी सारखेच असल्याने मी कंपनीचे नाव देत नाही. जे लिहिते आहे ते या प्रकारच्या यंत्राविषयी आहे, आणि ते त्याला भरपूर वाऱ्यात वापरून झाल्यावर लिहिते आहे.

यंत्र दिसायला साधे आहे. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उघडे असलेले एक गोल कडे आहे आणि त्या कड्यात बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, तिरप्या पात्यांचा पंखा बसवलेला आहे. पंख्याच्या आसाची दोन्ही टोके इतक्या गुळगुळीत खोबणीत टेकलेली आहेत की हलकी फुंकर घातली तरी तो फिरू लागतो आणि फुंकर थांबल्यावरही काही क्षण फिरत राहतो. खाली एक छोटी स्क्रीन, तीन बटणे आणि मागच्या बाजूला एक बटण सेल आहे. यंत्र क्षणाचा वेग, सुरू केल्यापासूनचा सर्वाधिक वेग आणि सरासरी वेग असे तीन आकडे दाखवते, शिवाय तापमान आणि वाऱ्याचा गारठा, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या कातडीला जाणवणारे तापमानही, दाखवते.

हातात धरण्याची रीत मात्र शिकावी लागते, आणि माहितीपत्रकात ती जेमतेम दोन ओळींत उरकलेली आहे. पहिले काही दिवस मी यंत्र छातीसमोर धरत असे. अंगावर आदळणारी हवा अंगाच्या पुढ्यातच मंदावते, त्यामुळे तिथे धरलेला पंखा खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगतो. वाऱ्याला काटकोनात, म्हणजे एका बाजूने वारा लागेल असे उभे राहावे, हात पूर्ण लांबवून यंत्र डोक्याच्या उंचीवर न्यावे आणि मनगट सावकाश फिरवत ज्या कोनात आकडा सर्वांत मोठा येतो तिथे थांबावे. पंखा वाऱ्याला तिरपा असला तर वेग कमी मोजला जातो. तेव्हा तो मोठा आकडाच वाऱ्याची दिशाही सांगतो, आणि या यंत्रात होकायंत्र नसले तरी त्याची उणीव मला भासली नाही.

हा मीटर घेण्याआधी मी डोळ्यांनीच वारा जोखत असे, आणि त्या पद्धतीविषयी माझ्या मनात अजूनही आदर आहे. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०६ मध्ये आपल्या रोजनिशीत वाऱ्याच्या जोराच्या पायऱ्या मांडल्या तेव्हा त्याच्यापुढे आकडे नव्हते, तर जहाजाची शिडे होती. जमिनीवरच्या खुणा त्या मापाला पुढच्या शतकात जोडल्या गेल्या. धूळ आणि सुटे कागद उडू लागले की चौथी पायरी, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि तारा शीळ घालू लागल्या की सहावी, म्हणजे ३९ ते ४९. सबंध झाडे डोलू लागली आणि वाऱ्याच्या तोंडी चालणे जड जाऊ लागले की सातवी, म्हणजे ५० ते ६१. त्यापुढे, ताशी ६२ पासून ७४ किलोमीटरपर्यंत, झाडांच्या डहाळ्या तुटतात. अडचण अशी की मी जिथे भटकते तिथे झाडेच नसतात. गुडघ्याएवढे गवत ताशी ३० किलोमीटरलाही जमिनीशी लोळण घेते आणि ६० लाही, आणि या दोन वाऱ्यांतला फरक माथ्यावर उभ्या माणसाच्या जिवाशी येऊ शकतो. उघड्यावर डोळ्यांना खुणा सापडत नाहीत तेव्हा यंत्राचे मोल कळते, आणि ते घेतल्याचे समाधान मला पहिल्यांदा अशाच एका बोडक्या पठारावर मिळाले.

या यंत्राने मला खरे काय शिकवले आणि त्यात काय कमी आहे, या दोन्ही गोष्टी मला एकाच ठिकाणी कळल्या, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगते. साधारण दीडशे पावलांची एक डोंगरधार ओलांडायची होती. डावीकडे कडा होता, उजवीकडे गवताचा उतार होता, आणि वारा कड्याच्या बाजूने वर चढून आडवा येत होता. धारेवर पाऊल टाकण्यापूर्वी मी पाच मिनिटे मोजणी केली. सरासरी ४४ आली आणि सर्वाधिक ७०. वारा कड्यापासून आपल्याला दूर, उताराकडेच लोटतो आहे, म्हणजे अंग वाऱ्याला रेलून चालत राहिले की झाले, असा हिशेब मी केला आणि निघाले. निम्मे अंतर गेल्यावर डाव्या खांद्यावरचा भार कुणीतरी उचलून घ्यावा तसा एकाएकी नाहीसा झाला. वाऱ्याने उसंत घेतली होती. मी ज्या भिंतीला टेकून चालत होते ती भिंतच निघून गेली आणि मी डावीकडे, म्हणजे कड्याकडे, गुडघ्यावर आणि तळहातावर पडले. तळहाताखाली मुरुम सरकल्याचे आठवते, आणि काठावरच्या गवताच्या काड्या त्या क्षणी अगदी ताठ, निश्चल उभ्या होत्या हेही आठवते. काठ माझ्यापासून दोन हातांवर होता. पुढचा झोत आला तेव्हा मी पोटावर आडवी झाले होते.

उतारावर उतरून बसल्यावर मी यंत्र हातात घेतले. स्क्रीनवर सरासरी ४४ आणि सर्वाधिक ७० हेच आकडे होते. ज्या क्षणाने मला पाडले त्याची कोणतीही नोंद यंत्राकडे नव्हती, कारण झोताचा सर्वोच्च आकडा ते जपून ठेवते, पण उसंतीचा नीचांक ठेवत नाही. मग मी दहा मिनिटे क्षणाच्या वेगाचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहिला. तो ७० पर्यंत चढत होता आणि २५ पर्यंत उतरत होता, आणि कधी कधी हा उतार तीन-चार सेकंदांत होत होता.

या दोन आकड्यांमधले अंतर दिसते त्यापेक्षा फार मोठे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. समुद्रसपाटीच्या हवेत ताशी ७० किलोमीटरचा वारा उभ्या माणसाच्या अंगावर साधारण १५ किलो वजनाएवढा रेटा देतो आणि २५ किलोमीटरचा वारा जेमतेम दोन किलोंएवढा. माझे शरीर १५ किलोंच्या रेट्याला तोलून धरण्यासाठी कललेले होते आणि तो रेटा एका दमात दोन किलोंवर आला. पाठीवर मोठी सॅक असेल तर वाऱ्याला सापडणारे अंग वाढते आणि हा फरक आणखी तीव्र होतो. तीन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश एवढीच दाट असल्याने तिथे त्याच वेगाचा रेटा कमी असतो, हेही खरे. पण झोत आणि उसंत यांचे प्रमाण तिथेही तेच राहते, आणि पाडते ते हे प्रमाण.

म्हणून हा मीटर घेणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे आहे की सर्वाधिक वेगाच्या आकड्यावर समाधान मानू नये. वादळाच्या गोष्टी सांगताना आपण सगळे मोठा आकडा सांगतो. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर १९९६ मध्ये ऑलिव्हिया चक्रीवादळात ४०८ किलोमीटरचा. हे आकडे वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. परंतु पायी भटकणाऱ्या माणसाचा तोल याच्या कितीतरी अलीकडे जातो. एकसारखा वाहणारा ५० चा वारा कष्टाचा असतो, तरी त्याच्याशी जुळवून घेता येते. १५ आणि ५५ यांच्यामध्ये हेलकावणारा वारा सरासरीत त्याहून सौम्य दिसतो आणि जुळवून घेऊ देत नाही.

हेच मला पुन्हा प्रकर्षाने जाणवले ते मुक्कामाची जागा शोधताना. संध्याकाळी वारा वाढत चालला होता आणि तंबूसाठी दोनच जागा नजरेत होत्या. पहिली जागा पुरुषभर उंचीच्या एका मोठ्या शिळेच्या आडोशाला होती, दुसरी दाट पण आरपार हवा जाऊ देणाऱ्या झुडपांच्या पट्ट्यामागे. शिळेमागे यंत्राने ९ दाखवले आणि झुडपांमागे १६. आकडाच पाहायचा तर शिळेची जागा उजवी होती. पण मी यंत्र हातात धरून तिथे थांबले तेव्हा पंखा थांबे, मग उलट फिरू लागे, पुन्हा थांबे आणि मध्येच २५ चा फटका खाऊन परत मंदावे. भरीव अडथळ्यावरून आलेला वारा त्याच्यामागे भोवरे करून खाली कोसळतो, तर सच्छिद्र अडथळा वाऱ्याला गाळून, मंद करून पुढे सोडतो. म्हणूनच शेताच्या कडेला लावलेली झाडांची रांग भिंतीपेक्षा चांगला वाराआडोसा देते. झुडपांमागचा पंखा रात्रभर एका लयीत फिरेल असा दिसत होता. मी तंबू तिथे लावला, निमुळती बाजू वाऱ्याकडे केली, ताणदोर बांधले आणि पहाटेपर्यंत एकदाही उठले नाही. क्षणाचा वेग दाखवणारा, विलंब न करणारा पंखा हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो मला त्या संध्याकाळी पुरेपूर पटला.

आता दोषांकडे वळते. सरासरीची गणना यंत्र सुरू होताच चालू होते आणि ती वेगळी पुसता येत नाही. खिशातून काढताना बटण दाबले गेले तर खिशातले शून्यही त्या सरासरीत मिसळते, त्यामुळे हात लांबवल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. याहून गंभीर दोष मापाच्या एककाचा आहे. एकक बदलण्यासाठी जे बटण दाबून धरावे लागते तेच सॅकच्या पट्ट्यात आपोआप दाबले जाते. एकदा घाईत मी स्क्रीनवर १७ पाहिले आणि वारा फारसा नाही असे मानून पुढे गेले. प्रत्यक्षात यंत्र मीटर प्रतिसेकंदावर गेले होते आणि ते १७ म्हणजे ताशी ६१ किलोमीटर होते. एककाचे अक्षर स्क्रीनच्या कोपऱ्यात तिळाएवढे असते. जिथे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि हात थरथरतात, अशा जागी वापरायच्या यंत्रात ही चूक मला अक्षम्य वाटते.

वाऱ्याच्या गारठ्याच्या आकड्याविषयीही सावध राहावे. आज अनेक ठिकाणी वापरले जाणारे सूत्र २००१ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेने स्वीकारले. त्याप्रमाणे तापमान ५ अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला उणे १ अंशासारखा गारठा लागतो. मात्र या सूत्रात जो वेग घालायचा तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो आणि चेहऱ्याच्या उंचीवर वारा त्याच्या दोन-तृतीयांशच असतो हे सूत्रातच गृहीत धरलेले आहे. माझा मीटर चेहऱ्याच्या उंचीवरचा वेग मोजतो आणि तोच जसाच्या तसा सूत्रात घालतो, म्हणजे वाऱ्याची वजावट दोनदा होते आणि गारठा खऱ्यापेक्षा सौम्य दिसतो. माझा रिवाज असा की कानांना जे जाणवते त्यावर विश्वास ठेवायचा आणि ओल्या कपड्यांच्या बाबतीत तर या आकड्याकडे पाहायचेही नाही, कारण ते सूत्र कोरड्या कातडीसाठी आहे.

उंचीचा हाच मुद्दा हवामानाच्या अंदाजाशी तुलना करतानाही ध्यानात ठेवावा लागतो. वेधशाळांचा प्रमाण वेग मोकळ्या जागी १० मीटरवर मोजलेला आणि १० मिनिटांची सरासरी काढलेला असतो, आणि झोत म्हणजे सुमारे तीन सेकंदांची सरासरी. हातातला मीटर जमिनीच्या घर्षणाने मंदावलेल्या हवेत असतो, म्हणून मोकळ्या माळावर तो अंदाजापेक्षा कमी वेग दाखवतो. यात यंत्राची चूक नाही. उलट डोंगरधारेवर किंवा खिंडीत, जिथे हवा दाटून वेगाने निसटते, तिथे तोच मीटर अंदाजापेक्षा बराच जास्त आकडा दाखवू शकतो. अंदाज प्रदेशाचा असतो आणि मीटर पाऊल ठेवल्या जागेचा. मला दोन्ही लागतात.

गडगडाटी वादळापुढे मात्र या यंत्राकडून काही अपेक्षा धरू नये. एका दुपारी पठारावर हवा पडली होती. यंत्र ४ दाखवत होते आणि तापमान ३१ होते. पश्चिमेला ढगाची एक काळी, आडवी कड खाली उतरत आलेली दिसत होती. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे धावत आली तेव्हा आकडा मिनिटाभरात ५२ वर गेला आणि तापमान २३ वर आले. ते दृश्य, गवतातून दुरून येणारी ती लाट आणि पहिल्या गार झोताला लागलेला ओल्या मातीचा वास, मी आयुष्यभर विसरणार नाही. पण यंत्राने इशारा दिला नव्हता, इशारा ढगाने दिला होता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे आणि उघड्या माथ्यावर क्षणभरही थांबू नये, हा नियम कोणत्याही मीटरपेक्षा आधी पाळावा. त्या दुपारी मी ढगाची कड पाहताच पठाराच्या कडेने खाली उतरू लागले होते, म्हणूनच शांतपणे आकडे पाहू शकले.

टिकाऊपणाबाबत माझी तक्रार नाही. यंत्र दोनदा दगडावर पडले, एकदा ओढ्यात भिजले आणि तरी चालू आहे. भर पावसात मात्र पात्यांवर थेंब साचतात आणि पंखा जड होतो. असा आकडा नेहमी कमी येतो, तेव्हा मोजण्याआधी यंत्र झटकून घ्यावे. कुसळे आणि केस आसाला गुंडाळले जातात. प्रत्येक भटकंतीनंतर मऊ ब्रशने कडे साफ करायची सवय लावून घ्यावी. थंडीत सेल मंदावतो, म्हणून मी यंत्र आतल्या खिशात ठेवते. जाड हातमोजे घालून बटणे दाबता येत नाहीत.

झोत-वादळाच्या जागी वारंवार जाणाऱ्या, थांबून दहा मिनिटे आकड्यांकडे पाहण्याची तयारी असलेल्या माणसाने हा मीटर जरूर घ्यावा. एकदा आकडा पाहून खिशात टाकायचा असेल तर घेऊ नये, कारण मग तो खोटा धीर देईल, जसा त्या धारेवर त्याने मला दिला. कंपन्यांनी सर्वाधिक वेगाशेजारी सर्वांत कमी वेगाचाही आकडा दाखवावा, एवढी साधी सुधारणा मला हवी आहे. पंखा तो मोजतोच आहे, फक्त नोंद ठेवायची आहे. तोवर मी ते काम वहीत करते. दहा मिनिटे आकडा पाहते आणि सरासरी, झोत, उसंत असे तीन रकाने लिहिते. मागच्या दोन खेपांच्या नोंदी त्याच डोंगरधारेच्या आहेत. पहिली : सरासरी ३६, झोत ६६, उसंत १२, परत फिरले. दुसरी : सरासरी ४५, झोत ५६, उसंत ३६, धार ओलांडली.